देशाचं दीड मिनिट

भारत रोज 50 लाखांहून जास्त बॅरल तेल वापरतो. एका बॅरलमध्ये 159 लिटर, म्हणजे दिवसाला जवळपास 80 कोटी लिटर. मुंबई-आग्रा हायवेवर दिसणारा मोठा टँकर 20 हजार लिटरचा धरला, तर हे रोजचे 40 हजार टँकर झाले. प्रत्येकाला दहा मीटर जागा देऊन ते एकामागे एक उभे केले, तर रांग 400 किलोमीटरची होते. मुंबईहून सुरू झालेली ही रांग कसारा घाट चढेल, नाशिक, ओझर, पिंपळगाव बसवंत, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर मागे टाकेल आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ संपेल. ही झाली एका दिवसाची रांग. उद्या तेवढीच दुसरी लागते.

आता समुद्रातलं एक छोटं तेलक्षेत्र घ्या. ते रोज 5 हजार बॅरल देतं असं धरू. त्याचे टँकर होतात 40, आणि पिंपळगावच्या टोलनाक्यावर त्यांची रांग 400 मीटरच्या पुढे जात नाही. देश मिनिटाला साडेतीन हजार बॅरल संपवतो. त्या क्षेत्राची दिवसभराची मेहनत देशाला दीड मिनिटही पुरत नाही.

पण हेच 5 हजार बॅरल एखाद्या छोट्या कंपनीचं सगळं नशीब असू शकतं. अशा कंपनीत पैसे घालायचे की नाही, हे ठरवताना भलीभली माणसं चुकतात. कंपनीचे आकडे ते देशाच्या मापाने मोजतात आणि जमिनीखालचे आकडे बँकेतल्या ठेवीसारखे वाचतात.

पिंपळगावात हा विषय आता परका राहिलेला नाही. द्राक्षाचा, टोमॅटोचा पैसा हातात आला की त्यातला काही भाग मोबाइलवरच्या डीमॅट खात्यात जातो. मार्केट यार्डात 20 किलोच्या क्रेटचा लिलाव संपून हिशोबपट्टी हातात पडेपर्यंत लोक शेअरचे भाव बघतात. तिथल्या एका बागायतदार मित्राने मला मुद्द्याचाच प्रश्न विचारला: "विहीर खोदेल आहे, तेल सापडेल आहे. आता फक्त काढायचंच तर आहे ना भाऊ? तयार बाग खंडाने घेण्यासारखं झालं हे."

बागेची उपमा मला पटली, पण एका मर्यादेपर्यंतच. खंडाने घ्यायची बाग माणूस आधी फिरून बघतो. काडी बघतो, वेलीला घड किती ते मोजतो, माती हातात घेतो. समुद्राखालच्या क्षेत्रात काय बघायला मिळतं? भूकंपलहरींच्या सर्वेक्षणातून खडकाच्या थरांचं चित्र मिळतं, आणि प्रत्यक्ष खडक कळतो तो फक्त विहीर खोदली तिथे. विहीर म्हणजे खालच्या टोकाला साधारण साडेआठ इंच व्यासाचं भोक. 50 चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात अशा तीन विहिरी असल्या, तर एकूण क्षेत्रफळाच्या 45 कोटी भागांपैकी फक्त एक भाग माणसाने खरोखर उघडून पाहिलेला असतो. बाकीचं सगळं अनुमान. ते शास्त्रशुद्ध असतं, अनुभवी माणसांनी केलेलं असतं, पण असतं अनुमानच.

'सापडलं' म्हणजे नेमकं काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. विहिरीची चाचणी घेताना तेल 'चोक' नावाच्या अरुंद तोंडातून सोडतात. त्या तोंडाचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात. 32 म्हणजे अर्धा इंच. काही तास किंवा काही दिवस प्रवाह मोजतात, वायू जाळून टाकतात, आणि जो आकडा येतो तो अहवालात जातो: दिवसाला इतके बॅरल. पुढची वीस वर्षं तो आकडा त्या क्षेत्राला चिकटून राहतो. त्या काही तासांत खडकाने दाखवलेला जोर सहा महिन्यांनी टिकेल का, हे ती चाचणी पूर्णपणे सांगू शकत नाही.

आपल्याकडे अशा क्षेत्रांची मोठी यादी सरकारजवळ होती. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांना तिथे तेल-वायू सापडलेला, पण ती आकाराने लहान, एकाकी किंवा दूर म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेली. 2 सप्टेंबर 2015 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ही क्षेत्रं लिलावाने इतरांना द्यायचं ठरवलं. मे 2016 मध्ये पहिली फेरी निघाली. त्यात 46 करारक्षेत्रं आणि 67 शोध होते. काही जमिनीवर, बरेचसे समुद्रात, आणि समुद्रातल्यांपैकी अनेक आपल्या मुंबईसमोर. अटीही सैल होत्या: तेलावरचा सेस नाही, भाव ठरवायची मोकळीक, नफ्याऐवजी उत्पन्नातला वाटा सरकारला. मार्च 2017 मध्ये 30 करारांवर सह्या झाल्या.

या फेरीत जमिनीखाली असलेला एकूण साठा, तेल आणि तेलाच्या मापात मोजलेला वायू मिळून, साडेबासष्ट कोटी बॅरलच्या वर सांगितला होता. आकडा डोळे दिपवणारा आहे. तो देशाच्या रोजच्या 50 लाखांनी भागा. शेवटच्या थेंबापर्यंत सगळं वर आलं तर 125 दिवस. पण खडकातलं सगळं तेल कधीच वर येत नाही. ते छिद्रांना धरून राहतं, दाब कमी झाला की हलत नाही. छोट्या क्षेत्रात पाचवा हिस्सा निघाला तरी बरं म्हणायचं. मग 67 शोधांचं मिळून देशाला 25 दिवसांचं तेल.

म्हणून ही क्षेत्रं कुचकामी ठरत नाहीत. आपण गरजेच्या जवळपास 88 टक्के कच्चं तेल आयात करतो, आणि 25 दिवसांचं आयात बिलही प्रचंड असतं. मुंबई हाय या समुद्री क्षेत्रात 1974 च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या खोदकामाच्या जहाजाने तेल शोधलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं, 1985 मध्ये ते दिवसाला सुमारे 4 लाख 70 हजार बॅरलवर गेलं. 2024 मध्ये तेच क्षेत्र 1 लाख 34 हजारांच्या आसपास होतं. मोठा झरा आटत असताना लहान झरे उघडणं देशाच्या हिताचंच आहे, आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण देशाच्या हिताचं आणि शेअरधारकाच्या हिताचं हे दोन वेगळे हिशेब आहेत. दुसरा हिशेब आता मांडू.

पुढचे आकडे कोणत्याही खऱ्या क्षेत्राचे नाहीत, हाताळायला सोपे म्हणून गोल घेतलेले आहेत. समजा, जमिनीखाली 5 कोटी बॅरल आहेत. 20 टक्के निघेल, म्हणजे 1 कोटी बॅरल. भाव 70 डॉलर, डॉलर 85 रुपये. विक्री झाली 5,950 कोटी रुपयांची. छोट्या कंपनीचं सादरीकरण बहुधा इथेच थांबतं, आणि हा आकडा वाचून खरेदीचं बटण दाबलं जातं.

पुढे जाऊ. रॉयल्टी आणि सरकारचा वाटा मिळून 25 टक्के धरा. उरले 4,462 कोटी. समुद्रात प्लॅटफॉर्म, तेल साठवायचं जहाज, पुरवठ्याच्या बोटी, हेलिकॉप्टर, माणसं, विमा यांचा चालू खर्च दिवसाला 1 कोटी रुपये धरा. हा खर्च तेल 5 हजार बॅरल निघालं तरी तेवढाच आणि 2 हजार निघालं तरी जवळपास तेवढाच. आठ वर्षांचे झाले 2,920 कोटी. सुरुवातीची उभारणी, विहिरी आणि नळ यांना 15 कोटी डॉलर, म्हणजे 1,275 कोटी. शेवटी हातात उरतात 268 कोटी. प्राप्तिकर अजून धरलेला नाही. 5,950 कोटींची विक्री आणि 268 कोटींची शिल्लक.

आता यातला एकच आकडा हलवून बघा. भाव 70 ऐवजी 60 डॉलर झाला, तर 268 कोटींच्या नफ्याच्या जागी 370 कोटींचा तोटा. भाव 70 च ठेवा, पण खडकातून 20 ऐवजी 15 टक्के निघालं, तर तोटा 848 कोटी. आणि 25 टक्के निघालं, तर नफा 1,383 कोटी. खडकाच्या स्वभावातला पाच टक्क्यांचा फरक, जो तीन भोकांवरून कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, तो एका बाजूला साडेआठशे कोटींचा खड्डा आणि दुसऱ्या बाजूला चौदाशे कोटींची रास करतो. उत्पादन फारच घसरलं तर कंपनी आठ वर्षांच्या आधीच क्षेत्र बंद करेल आणि तोटा थोडा आवरेल. पण उभारणीचे 1,275 कोटी तोवर समुद्रात गेलेले असतात.

क्षेत्र बंद कधी करायचं, याचंही गणित याच आकड्यांत आहे. सरकारी वाटा वजा जाता बॅरलमागे 4,462 रुपये हातात येतात आणि दिवसाचा खर्च 1 कोटी आहे. म्हणजे उत्पादन 2,241 बॅरलच्या खाली गेलं की खालचं तेल संपलेलं नसतानाही क्षेत्र बंद करावं लागतं. खाली चार कोटी बॅरल शिल्लक असतात आणि वर दिवा मालवलेला असतो. छोट्या कंपनीचा तिमाही निकाल वाचताना मी नफ्याच्या आधी हेच अंतर शोधतो: रोजचं उत्पादन या उंबऱ्याच्या किती वर आहे?

आता माप बदलू. ओएनजीसीचे शेअर आहेत सुमारे 1,258 कोटी. हिंदुस्तान ऑइल एक्स्प्लोरेशन कंपनी, म्हणजे एचओईसी, हिचे आहेत सुमारे 13 कोटी 22 लाख. आपलं काल्पनिक क्षेत्र पूर्णपणे ओएनजीसीच्या मालकीचं असतं, तर 268 कोटींचा नफा शेअरमागे 21 पैसे. 13 कोटी 22 लाख शेअरांच्या कंपनीला तोच नफा शेअरमागे 20 रुपये. 15 टक्केच तेल निघालं, तर ओएनजीसीला 67 पैशांचा फटका, छोट्या कंपनीला 64 रुपयांचा. 25 टक्के निघालं, तर एकीला 1 रुपया 10 पैसे, दुसरीला 105 रुपये. समुद्र तोच, खडक तोच, बॅरल तेवढेच. ओएनजीसीने अशी क्षेत्रं वर्षानुवर्षं का पडू दिली आणि छोट्या कंपन्या त्यांच्यावर का तुटून पडल्या, याचं उत्तर या एका भागाकारात मिळतं. मोठ्या कंपनीच्या वरिष्ठ अभियंत्याचा वेळ 21 पैशांसाठी लावायला कुणी तयार होत नाही.

एचओईसीचं नाव मी उगाच घेतलं नाही. 1983 मध्ये हसमुखभाई पारेख यांनी, ज्यांनी एचडीएफसीही उभी केली, ही देशातली पहिली खासगी तेल कंपनी काढली. आधीच सापडलेल्या समुद्री क्षेत्राचा कडू अनुभव आणि धाडस, दोन्ही तिच्या इतिहासात आहे.

कडू अनुभव पीवाय-1 चा. कावेरी खोऱ्यात, किनाऱ्यापासून आत समुद्रात, ओएनजीसीने शोधलेलं वायुक्षेत्र. करार 1995 चा, वायू आला 2009 मध्ये. इथला वायू नेहमीसारखा वाळूच्या किंवा चुनखडीच्या छिद्रांत नव्हता. तो ग्रॅनाइटच्या भेगांत होता. ग्रॅनाइट स्वतः कोरडा, जे काही आहे ते भेगांत, आणि भेगा एकमेकींना कुठे जोडलेल्या आहेत हे वरून दिसत नाही. सुरुवातीला जोर दाखवलेलं उत्पादन काही वर्षांतच घसरलं. साठ्याचा अंदाज खाली आणावा लागला, ताळेबंदातून मोठी रक्कम काढून टाकावी लागली. त्या वेळी इटलीची एनी ही जगातली बडी तेल कंपनी एचओईसीत सुमारे 47 टक्क्यांची भागीदार होती. एवढी जाणकार कंपनी सोबत असूनही खडकाने हिशेब चुकवला. पुढे एनी बाहेर पडली.

धाडस बी-80 चं. मुंबईसमोरच्या समुद्रातलं, ओएनजीसीने शोधलेलं हे क्षेत्र 2016 च्या फेरीत एचओईसीने एका भागीदारासह घेतलं. नवा प्लॅटफॉर्म बांधणं परवडणारं नव्हतं, म्हणून जुनी जॅक-अप रिग बदलून तिच्यावर उत्पादनाची यंत्रणा बसवली आणि तेल साठवायला जहाज उभं केलं. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. काटकसर केल्याशिवाय असली क्षेत्रं कधी फळणारच नाहीत.

पण वेळ लागला. करार 2017 चा, उत्पादन 2022 चं. सही झाली तेव्हा तेल 50 डॉलरच्या आसपास होतं. एप्रिल 2020 मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, ब्रेंट या कच्च्या तेलाचा भाव 20 डॉलरच्या खाली गेला. मार्च 2022 मध्ये, युक्रेन युद्धाच्या सुरुवातीला, तो 120 च्या वर होता. एकाच प्रकल्पाच्या बांधणीच्या काळात मालाचा भाव सहापट वरखाली झाला. वर दाखवलेला दहा डॉलरचा फरक इथे आठवून बघा.

उशिराची किंमत लोक मोजतच नाहीत. आठ वर्षांनी मिळणारे 100 रुपये, 12 टक्के दराने, आजचे 40 रुपये असतात. उभारणीचे 1,275 कोटी त्याच दराच्या कर्जाने आणले असतील तर वर्षाचं व्याज 153 कोटी. दोन वर्षं उशीर झाला की 306 कोटी व्याजात गेले, आणि आपला सगळा नफाच 268 कोटींचा होता. अरबी समुद्रात तर उशीर चार-आठ दिवसांचा कधी होतच नाही. जून ते सप्टेंबर पावसाळी समुद्रात पाणबुड्यांचं काम, नळ टाकणं, अवजड उचल जवळजवळ थांबते. मे महिन्यात एक जोडणी राहिली की ती ऑक्टोबरवर जाते. पंधरा दिवसांचं काम चुकलं की चार महिने गेले, आणि भाड्याच्या यंत्रसामग्रीचं भाडं मात्र चालूच.

रत्ना आणि आर-मालिकेच्या क्षेत्रांचं उदाहरण तर सुन्न करणारं आहे. मुंबईच्या नैर्ऋत्येला असलेली ही क्षेत्रं. तिथून 1994 पर्यंत तेल निघतही होतं. 1996 मध्ये ती एस्सार ऑइल आणि प्रीमियर ऑइल यांच्या गटाला द्यायचं ठरलं. करारावर सही कधी झालीच नाही. 2016 मध्ये सरकारने तो निर्णय रद्द करून क्षेत्रं ओएनजीसीकडे परत दिली. वीस वर्षं. वीस वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत, त्याच 12 टक्क्यांनी, 10 रुपये 40 पैसे. खडकाने इथे कुणालाही फसवलं नव्हतं. मंत्रालयांतल्या फायलींनी एका रुपयाचे दहा पैसे केले.

सरकारचा हात दुसऱ्या बाजूनेही लागतो. 1 जुलै 2022 पासून देशी कच्च्या तेलावर टनाला 23,250 रुपये जादा कर लावला गेला, बॅरलमागे 40 डॉलरच्या घरात. त्यातून आधीच्या वर्षी 20 लाख बॅरलपेक्षा कमी उत्पादन असलेल्यांना सूट होती. 20 लाखांना 365 ने भागा: दिवसाला साधारण 5,480 बॅरल. लहान असणं इथे खरोखर कामाला आलं. डिसेंबर 2024 मध्ये हा कर काढून टाकला, पण भाव चढला की सरकार काय करू शकतं ते सगळ्यांना कळलं.

आणखी एक आकडा जपून वाचावा लागतो: 'तेलाच्या मापात इतके बॅरल'. सुमारे 6 हजार घनफूट वायूची उष्णता एका बॅरल तेलाएवढी, म्हणून वायूही बॅरलमध्ये मोजतात. उष्णता सारखी असली तरी पैसा सारखा नसतो. वायूला दहा लाख बीटीयूमागे, म्हणजे साधारण हजार घनफुटांमागे, 7 डॉलर मिळाले, तर त्या 'बॅरल'चे 42 डॉलर होतात आणि शेजारच्या खऱ्या बॅरलचे 70. ज्या क्षेत्रात निम्म्याहून जास्त वायू आहे, तिथे एकूण बॅरलला तेलाचा भाव लावून काढलेली किंमत फुगलेली असते.

शेवटी आवराआवर. तेल संपलं की विहिरी सिमेंटने बुजवायच्या, लोखंड कापून किनाऱ्यावर आणायचं. पन्ना-मुक्ता-ताप्ती करारातल्या ताप्ती क्षेत्रात देशातलं असं पहिलं मोठं काम झालं, तेव्हा त्यामागे शेल, रिलायन्स, ओएनजीसी यांची ताकद होती. छोट्या कंपनीला हा खर्च अशा वेळी करायचा असतो, जेव्हा तिची कमाई थांबलेली असते. त्यासाठी वेगळा निधी बाजूला पडतो आहे की नाही, हे वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांतल्या टिपांमध्ये सापडतं. मी अहवाल तिथूनच वाचायला घेतो.

साठ्याचे तीन आकडे असतात. वन-पी म्हणजे एवढं तरी निघेल याची शक्यता 90 टक्के, टू-पी म्हणजे 50 टक्के, थ्री-पी म्हणजे जेमतेम 10 टक्के. जाहिरातीत बहुधा मधला किंवा वरचा येतो. पैसे घालताना मी वन-पी घेतो, त्यातला फक्त कंपनीचा हिस्सा धरतो, भाव 60 डॉलर लावतो, सरकारी वाटा, रोजचा खर्च, कर्ज आणि आवराआवर वजा करतो, दोन वर्षांचा उशीर गृहीत धरतो आणि शेअरांच्या संख्येने भागतो. आलेला आकडा बाजारभावाच्या जवळपास असेल, तर खडकाने चांगलं दान टाकलं तर मिळणारे 105 रुपये जवळजवळ फुकटात पदरात पडतात, आणि अशी कंपनी मी आनंदाने घेईन. बाजारभाव थ्री-पीच्या आशेवर उभा असेल, तर कंपनी कितीही प्रामाणिक आणि कष्टाळू असो, द्राक्षाचा पैसा मी तिथे घालणार नाही.